खुर्चीवर कोण

"राहीताई, अध्यक्ष नेमला," अनिता म्हणाली. मुरबाडहून सिद्धगडाखालच्या वाडीपर्यंत ती ही बातमी घेऊन चढून आली होती, पण तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

राही तांदूळ पाखडत होती. तिच्या नवऱ्याला, बुधूला, लाकूडचोरीच्या संशयावरून चौकीवर नेलं होतं. परत आलं ते त्याचं प्रेत. वाड्यापाड्यांत काम करणाऱ्या संघटनेच्या अनिताने मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. पण आयोगाला अध्यक्षच नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं सुनावणी होत नव्हती.

"मंग? चांगलं झालं ना गो?"

"तेव्हा चौकशीला आले होते ना, ते साहेब."

राहीचे हात थांबले. बुधू कड्यावरून पडून मेला, असं ठरवून त्याच साहेबांनी चौकशी मिटवली होती. वाडीत ते जीपमधून खालीही उतरले नव्हते.

"यांचं नाव कोनी काढलं? कोनाला इचारलं?"

"कोणालाच नाही. आणखी कोणाकोणाची नावं होती, तेसुद्धा सांगत नाहीत."

सुनावणी लागली तेव्हा राही अनिताबरोबर मुंबईला गेली. साहेबांचे केस आता पिकले होते, आवाजही मऊ झाला होता. "बसा बाई," ते म्हणाले.

"नाय बसत. तुमी उठा. दुसऱ्या कोनाला बसवा, मंग मी सांगते."

"माझी नेमणूक सरकारने केली आहे."

"आमाला इचारून करायची व्हती."

"तुम्हाला?" साहेबांना खरंच नवल वाटलं.

"मंग कोनाला? मानूस आमचा मेला."

तक्रारदार सहकार्य करत नाही, असं म्हणून प्रकरण बंद झालं. अनिता परतताना वाटभर रडली. राही रडली नाही.

म्हसा गावची जत्रा उरकल्यावर वाडीच्या जंगल समितीचा प्रमुख नेमायचा होता. दर वेळी चार पुरुष ओट्यावर बसून नाव ठरवत. वाडीला मागाहून कळे. यंदा काळूरामचं नाव ठरतंय असं कानावर येताच राही ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मानूस बरा असंल. पन त्याला समद्यांम्होरं उभा करा. बायांम्होरं पन. इचारायचं ते इचारू द्या, मंग ठरवा."

पुरुष कुरकुरले. काळूराम मात्र म्हणाला, "ऱ्हातो उभा."

सगळी वाडी देवळापुढे जमली. काळूरामने टोपी काढली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मग बायांतून जनी उठली. ती काळूरामचीच सून. तिने पदर सारखा केला.

"मामा, रानात आमाला कोनी अडवलं, तर तुमी येशाल, का घरात बसशाल?"

काळूराम उत्तर शोधत उभा राहिला. कोणी त्याला घाई केली नाही.