कपाळापर्यंत आलेला नाथा

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या चेंदणी कोळीवाड्याला माहीत आहे. त्या आठवड्यात ते कॉम्प्युटरवर तापलेलं. यंत्राला शिव्या देऊन काही होत नाही, तरी मी दिल्या.

माझी सासू आवडाबाई. आयुष्यभर ठाण्याच्या बाजारात मासळी विकली, पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळली. "घरी घेऊन जा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. तिचं एकच चाललेलं, "मना नाथाचा तोंड दाखव गो."

नाथा माझा धाकटा दीर. बहारीनला गॅरेजात कामाला. चार वर्षं झाली, घरी नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, रजा मागितली की मालक म्हणणार, ईदनंतर बघू. दर शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा त्याचा फोन यायचा. आईचं कळल्यावर तो फोनवर नुसता रडला आणि मग ह्यांना म्हणाला, "दादा, इथल्या एका पोराने मला इंटरनेटवर पान बनवून दिलंय. आत्ताचा फोटो टाकलाय. तेवढा तरी आईला दाखव."

आमचे हे, परशुराम, आदल्या दिवाळीत कॉम्प्युटर घेऊन बसलेले. नव्व्याण्णव साल, जो तो कॉम्प्युटरच्या मागे. इंटरनेट लागायचं फोनच्याच वायरीवर. आधी टूं टूं, मग कुणी मांजर पिळतंय असा आवाज, आणि लागलं की आमचा फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर एंगेज.

ह्यांनी कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत आईच्या खाटेशी नेऊन ठेवला. फोनची वायर पुरेना, म्हणून दुसरी जोडून टेप गुंडाळली. पान लागलं. वर नाव आलं, मग फोटो वरून खाली उतरायला लागला. थोडं आभाळ. बराच वेळ नुसतं आभाळ. मग कसल्याशा बोर्डाची कड, आणि लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून आभाळ.

"आई, येतोय हां नाथा!" हे ओरडायचे. आई मान वळवायची, बघायची, दमून डोळे मिटायची. असं किती वेळा झालं, मोजलं नाही.

शेवटी ह्यांनी टेंभी नाक्यावरच्या चांगदेवला बोलावलं. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतलेला. त्याने कसल्या कसल्या साठलेल्या फाइली उडवल्या, बाकीच्या खिडक्या बंद केल्या, कॉम्प्युटरच्या आत कुठे तरी जाऊन एका चौकटीतली बरोबरची खूण काढली आणि म्हणाला, "आता बघा स्पीड." खरंच, पान चुटकीसरशी लागलं! नाव, गाव, 'माझी आई' असं ठळक, सगळं. आणि फोटोच्या जागी एक रिकामी चौकट, कोपऱ्यात बारीकशी फुली.

"फोटो कुठाय?" मी विचारलं.

"फोटो बंद केले ना वहिनी, म्हणून तर फास्ट झालं."

"अरे मुडद्या, आम्हाला फोटोच बघायचाय!"

बिचाऱ्याने खूण परत लावली. म्हणाला, फोटो फार मोठा आहे, आणि तुमच्या वायरीला जोड दिलाय तिथे खरखर येते. कॉम्प्युटर बाहेर फोनशेजारी ठेवा, मग कदाचित येईल.

म्हणजे कॉम्प्युटर बाहेर आणि आई आत. ह्यांनी एक रात्र विचार केला आणि शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटरच्या मागोमाग आईलाच उचलून बाहेर आणलं, गादीवर निजवलं. हाडांची मोळी झालेली ती बाई, हात लावला तरी कळवळायची. आणताना "आयो गो, आयो गो" करत होती. माझा संताप संताप झाला. लहानपणी जिने ह्यांना मासळीच्या टोपलीबरोबर कडेवर वागवलं, तिला उचलून वायरीपाशी नेतात!

"अहो, आज शुक्रवार आहे," मी म्हटलं. "नाथाचा फोन यायचाय. तो आवाज ऐकवील, बास झालं. फोन मोकळा ठेवा."

"तोंड बघायचंय म्हणते ती. आवाज नाही. पाचच मिनिटं."

लाइन त्या दिवशी खरंच बरी होती. आभाळ आलं, बोर्ड आला. मग केस. पुढून विरळ झालेले. मग कपाळ. "आई, कपाळ आलं! बघ, तुझ्यासारखंच आहे!" आईचे डोळे उघडे होते, पडद्याकडे. कपाळापाशी फोटो अडकला. मीही तिथेच बघत राहिले, खोटं कशाला सांगू. राग बिग सगळा गेला. ये रे बाबा, ये, असं मनात चाललेलं. भुवया आल्या. पुन्हा अडकला. हे माउसवरचा हात हलवेनात, हलवलं तर तुटेल म्हणून. चहाची वेळ टळून गेली. मग हळूहळू डोळे आले, नाथाचेच, थकलेले.

"आई, डोळे बघ!"

मी वाटीतलं चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं. ते आत गेलंच नाही, गालावरून उशीवर आलं. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. तिचे डोळे पडद्याकडे तसेच होते. कधी गेली, आमच्या दोघांपैकी कुणी बघितलंच नाही.

मी जाऊन फोनची वायर कॉम्प्युटरमधून ओढून काढली आणि फोनला लावली. मी आईचे डोळे मिटत होते तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी! कधीपासून लावतोय, एंगेज, नुसतं एंगेज! एवढं कुणाशी बोलत होता तुम्ही? माझं फोनचं कार्ड संपत आलंय. आईला द्या, लवकर द्या."

ह्यांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला, आईच्या उशीशी बसले आणि तिच्या कानाला लावला. आतून नाथाचा आवाज येत होता, आई, आई, ऐकू येतंय का.

रिसीव्हर काढून घ्यायला मी हात पुढे केला तसा ह्यांनी माझा हात बाजूला सारला.

"बोलू दे त्याला," म्हणाले.