पुढच्या रांगेतली वकील

शर्मिष्ठा फिजिक्समध्ये पीएचडी करायला गेली आणि मधेच सोडून पेटंटची वकील झाली, ही गोष्ट तिच्या बाबांच्या, मधुसूदनराव खानझोड्यांच्या, घशाखाली कधी उतरली नाही. स्वतः रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. लखनौच्या महानगर भागातल्या घरी पाहुणा टेकला रे टेकला की सुरू, "पोरगी शोध लावायला निघाली होती, आता दुसऱ्यांच्या शोधांना कुंपण घालते." शर्मिष्ठा हसून चहा ठेवायला जाई.

म्हणूनच बाबा एका दुपारी तिच्या गोमती नगरच्या ऑफिसात येऊन अशिलाच्या खुर्चीत बसले, तेव्हा तिला फार बरं वाटलं. त्यांनी टेबलावर एक डबी ठेवली. ई-रिक्शाच्या मोटरचं बेअरिंग बिघडू लागलं की त्याची थरथर ओळखून लाल दिवा लावायचा, हे त्या डबीचं काम.

"याचं पेटंट पाहिजे. आणि फीस घे हाँ, घरचं म्हणून सोडू नको."

"नाही मिळणार, बाबा."

"का?"

"गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तुम्ही डबी उघडून सगळं समजावलंत. अर्जाआधी शोध चारचौघांत सांगितला की कायद्याने तो नवा राहत नाही."

"अगं, आपल्याच लोकांना सांगितलं! ते काय पब्लिक आहे?"

लखनौतल्या मराठी माणसाला मंडळ म्हणजे घरचा दिवाणखाना वाटतो. कायद्याला तसं वाटत नाही.

"मंडळाने व्हिडिओपण टाकलाय."

"काढायला सांग. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

बाबांचा चेहरा पडला. या वयात त्यांनी एवढी एकच गोष्ट मनावर घेतली होती. मग ते चिडले. "तू पुढच्या रांगेत बसली होतीस. तेव्हा नाही अडवलंस? आता सांगतेस, बैल गेला अन् झोपा केला!"

याच प्रश्नाची तिला धास्ती होती. अशिलाने तोंड उघडायच्या आत त्याला गप्प करणं, हीच तर तिची भाकरी.

"विसरले," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता आणि मी बेअरिंगचाच विचार करत बसले. कितने साल बाद, बाबा. वकील आहे हे डोक्यातच आलं नाही."

"काय विचार?"

"खड्ड्यात तुमचा दिवा उगाच लागेल. पण रस्त्याचा धक्का आधी चाकाला बसतो, मग मोटरला. बेअरिंगचं उलटं. एक चाकाला, एक मोटरला, असे दोन सेन्सर लावायचे आणि आधी कोण थरथरलं तेवढंच बघायचं."

बाबा डबीकडे बघत राहिले. खड्ड्यात दिवा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. स्टेजवर तेवढंच सांगितलं नव्हतं.

"हे अजून कोणाला बोललीस?"

"नाही. आत्ता तुम्हालाच."

"मग हळू बोल," म्हणत बाबा उठले आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.