न जळणारा बर्फ

लालबागमध्ये मूर्ती सगळ्याच मंडळांच्या सुंदर असतात, त्यामुळे मंडळाचं नाव होतं ते देखाव्यावरून. श्रावण सरत आला की गल्लीत भेटणारा प्रत्येक माणूस उत्तमला एकच विचारी, "यंदा काय?" उत्तम नुसता हसे. त्या वर्षी मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही. त्याने सांगून टाकलं, "यंदा कैलास. बर्फासकट."

उत्तम रंगारी होता. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, आणि सवड मिळेल तेव्हा 'हरित महाराष्ट्र पक्षा'च्या भिंती. हा पक्ष इतका लहान की लालबाग-परळात त्याचा कार्यकर्ता म्हणावा असा उत्तम एकटाच. चाळीतले लोक त्याला 'पालापाचोळा पार्टी' म्हणत. पक्षाचे उमेदवार मनमोहन तळपदे गिरगावचे, जुन्या प्रभू घराण्यातले, वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. कोपऱ्यावरच्या सभेत ते शाळेत शिकवावं तसं बोलत. घर जिथं आहे तिथंच मिळालं पाहिजे आणि त्यात ऊन-वारा आला पाहिजे. वीज वापरणारा एक आणि तिचा धूर खाणारा दुसरा, असं चालणार नाही. गिरणीच्या जमिनीवर टॉवर उठवण्याआधी तिच्या पोटात काय काय पुरलंय ते दाखवा, ती स्वच्छ करा, मग बांधा. लोक ऐकून घेत आणि मागून कोणीतरी म्हणे, "साहेब, तुम्ही घर द्या, धुऊन आम्ही घेऊ."

हसू येण्यासारखंच होतं ते. गिरणी कामगारांच्या संपानंतर चाळीशेजारच्या गिरणीचं फाटक पुन्हा उघडलं नव्हतं. उघडलं ते आता, पंधरा-सोळा वर्षांनी, आणि तेही पाडकामासाठी. जागा घेणाऱ्या बिल्डरने चाळकऱ्यांना त्याच आवारात फ्लॅट द्यायचं कबूल केलं होतं. बॉयलरघर पडलं की पाया खणायला सुरुवात होणार होती.

बर्फ तिथूनच आला. आदल्या वर्षी शेजारच्या गल्लीत कापसाच्या ढगांनी दिव्याच्या आचेवर पेट घेतला होता आणि मंडपातल्या पोरांना कसंबसं बाहेर काढलं होतं. तेव्हापासून उत्तमच्या डोक्यात होतं, की आपला बर्फ जळता कामा नये. मग त्याला वडील आठवले. ते, दत्तू, याच गिरणीत बॉयलरवर कामाला होते. लहानपणी उत्तम त्यांचा डबा घेऊन जाई तेव्हा आतले जाडजूड पाइप पांढऱ्या मऊ लिंपणात गुंडाळलेले दिसत. आत तापलेली वाफ धावत असायची आणि वरचं पांढरं जसंच्या तसं. वडील घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत.

त्याने मंडळाच्या अध्यक्षांना, रामजीभाऊंना सांगितलं. रामजीभाऊंनी बिल्डरच्या माणसाला सांगितलं, आणि पाइपांवरून खरवडलेल्या त्या पांढऱ्याची पोती दारात आली. काडी लावून पाहिली तर खरंच जळेना. रामजीभाऊ भलतेच खूश झाले. म्हणाले, "डोकं आहे रे तुझ्याकडे. पक्षात वाया घालवतोयस."

उत्तमची बायको गणपतीसाठी कोकणात गावी गेली होती. घरात तो, त्याची आई शेवंता आणि तिसरीतली मुलगी नलू. रोज संध्याकाळी बापलेक खोलीत बसून ते पांढरं पिंजत. नलूच्या केसांत त्याचे पुंजके अडकत. शेवंता केर काढता काढता कुरकुरत असे, "मेल्यांनो, जेवणात पण बर्फ येतोय."

हरतालिकेच्या दिवशी सकाळी मनमोहन पत्रकांचा गठ्ठा घेऊन मंडपात आले. निवडणूक थंडीत होती. कैलास उभा झाला होता. शिखराच्या मागे मोठे पंखे दडवले होते; ते लावले की बर्फ उडून खाली बसलेल्या शंकर-पार्वतीवर आणि पुढच्या रांगेतल्या पोरांवर पडणार होता. पार्वती नलू होती. निळं पातळ नेसून, मुकुट सावरत ती थर्माकोलच्या खडकावर बसली होती. थोड्या वेळात तालीम होती आणि संध्याकाळी उद्घाटन.

मनमोहन जवळ गेले, वाकले, आणि एकदम मागे सरले. त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकावर धरला.

"उत्तम, हे कुठून आणलंस?"

"आपल्या गिरणीतनं. बॉयलरच्या पाइपांवरचं. जळत नाही, साहेब."

"नाहीच जळणार. दगड आहे तो." मनमोहन हळू बोलू लागले. "खाणीतून निघतो. दगडाचा कापूस म्हण. ॲस्बेस्टॉस. याची कुसळं इतकी बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथंच रुततात. आमच्याकडे पॉवर स्टेशनवर हे काढायचं तर माणसं तोंड बांधून, पाणी मारून काढत. कोरडं कधीच हाताळायचं नाही."

"लगेच काही होतं?"

"लगेच काही होत नाही, म्हणून तर कोणी घाबरत नाही. ताप नाही, उलटी नाही. वीस-पंचवीस वर्षांनी दम लागायला लागतो."

उत्तमने नलूकडे पाहिलं. ती हातावरचा बर्फ फुंकर मारून शंकर झालेल्या मुलाच्या जटांवर उडवत होती.

"ते पंखे लावू देऊ नकोस," मनमोहन म्हणाले.

तेवढ्यात रामजीभाऊ आले. "काय तळपदेसाहेब, गिरगावातून निघालात ते थेट आमच्या कैलासावर चढाई? प्रचार मंडपाबाहेर हां."

मनमोहननी त्यांनाही तेच समजावलं, तितक्याच शांतपणे. रामजीभाऊंनी ऐकलं आणि हात झटकला. "अहो, याचा बाप दत्तू त्या बॉयलरघरात उभा जन्म होता. काय झालं त्याला?"

"गेले ना ते? कशाने गेले?"

"विडीने."

"बाबांनी विडी कधी ओढली नाही, रामजीभाऊ," उत्तम म्हणाला.

"मग दुसऱ्याच्या धुराने. मला काय विचारतोस?"

शेवटची दोन वर्षं दत्तू आडवे झोपू शकत नसत. उशा रचून, भिंतीला टेकून रात्र काढत. हॉस्पिटलात प्रत्येक वेळी विडीचंच विचारत, आणि शेवंताही मग तसंच सांगू लागली होती, कारण तेवढं सांगितलं की पुढचे प्रश्न येत नसत.

रामजीभाऊंनी उत्तमच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "हे बघ. तू विष विष म्हणून ओरडलास की उद्या पेपरात येणार. मग म्युनिसिपालटी येणार आणि बॉयलरघराला सील. पाडकाम थांबलं की आपली घरं थांबली. संपापासून माणसं वाट बघतायत. निम्मी वर गेली वाट बघता बघता. उरलेल्यांना तू सांगणार आहेस, की थांबा, आमच्या साहेबांना दगड तपासायचाय?"

उत्तमने चाळीकडे पाहिलं. रामजीभाऊंचं खोटं नव्हतं. चाळीचा जिना टेकूवर उभा होता.

"चला, तालीम," रामजीभाऊंनी हाक दिली. पोरं पुढच्या रांगेत मांडी घालून बसली. वायरमन पंख्यांच्या बटणांकडे गेला.

उत्तम धावला. त्याने आधी मेन स्विच खाली ओढला आणि मंडप अंधारला. मग नलूला आणि त्या मुलाला खडकावरून उचलून बाहेर ढकललं. आदल्या वर्षीच्या आगीनंतर मंडपामागे पाण्याची टाकी आणि जाड पाइप ठेवला होता. त्याने नळ सोडला आणि पाइपचं तोंड शिखरावर धरलं. कैलास आधी करडा झाला, मग फुगला, आणि लगद्यासारखा घसरत मूर्तीच्या चौरंगापर्यंत आला. पोरं ओरडत पळाली. टाकी रिकामी होईपर्यंत उत्तमने पाइप सोडला नाही.

पहिली थप्पड रामजीभाऊंची होती. पुढच्या कोणाच्या ते त्याला कळलं नाही.

"ओलं आहे तोवर पोत्यात भरा, तोंडं बांधा," मनमोहन सांगत होते. "हाताने उचलू नका." पण त्यांना लोकांनी मंडपाबाहेर काढलं होतं आणि त्यांचा आवाज गलक्यात बुडाला. म्युनिसिपालटीतून कोणी मिळतंय का पाहतो, असं उत्तमला लांबूनच ओरडून सांगून ते निघून गेले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथं कोण भेटणार होतं?

शेवंता धावत खाली आली होती. उत्तम तिला एवढंच म्हणाला, "आई, नलूला वर ने. डोक्यावरून आंघोळ घाल. कपडे भिजत टाक." मग त्याला मंडळाच्या खोलीत नेलं.

तिथं तो बराच वेळ होता. कोणी शिव्या दिल्या, कोणी समजूत घातली. शेजारचे म्हातारे अण्णा रडत म्हणाले, "उत्तमा, बाप्पाच्या डोक्यावर पाणी ओतलंस रे. आदल्या दिवशी." तो ज्याला त्याला सांगत राहिला की ते ओलं असताना गोळा करा, पोत्यात बांधा. ऐकणारे एकमेकांकडे पाहत. शेवटी ठरलं, की उत्तमने मंडळाची पायरी चढायची नाही. मग त्याला सोडलं.

बाहेर कडक ऊन पडलं होतं. मंडपात मूर्तीमागे नुसते बांबू आणि थर्माकोल उरले होते, आणि खालची जमीन झाडून लख्ख केली होती. उत्तमच्या छातीवरचं ओझं उतरलं. वायरमन तारा पुसत बसला होता.

"बर्फ कुठं टाकला?"

"टाकेल कोण? तुझ्या आईने नेला." वायरमनने मान वर केली नाही. "हात जोडले बिचारीने सगळ्यांपुढे. म्हणाली, पोराने केलं नुकसान, मी भरून देते. चाळीतल्या बायका बादल्या भरभरून वर घेऊन गेल्या."

उत्तम जिन्याने चढला. टेकू हलत होते. आपल्या मजल्यावर दार लोटलेलं होतं आणि घरात कोणी नव्हतं. तो गच्चीवर गेला.

गच्चीभर जुनी पातळं अंथरली होती. त्यांवर सांडगे-पापड घालावेत तसा तो बर्फ पातळ पसरला होता. बायकांनी ओल्या लगद्याचे गोळे हातांनी फोडून, बोटांनी मोकळे करून ठेवले होते. कोपऱ्यातले गोळे अजून ओले होते. कठड्याजवळचे वाळून पुन्हा पांढरे झाले होते. चाळीतली सगळी पोरं राखणीला बसली होती. वाळवण म्हटलं की पोरांनी राखायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

शेवंता उकिडवी बसून एक गोळा पिंजत होती. उपासाने तिचं तोंड सुकलं होतं. त्याला पाहून ती हसली. "झिला, घाबरू नको. मी बोलले रामजीशी. संध्याकाळपर्यंत वाळवून देते म्हटलं. तो शांत झालाय. सगळे विसरतील."

"आई, सोड ते. सगळ्यांना घेऊन खाली चल."

"आता कशाला? झालंच की. शिवडीकडनं वारा पण चांगला सुटलाय."

उत्तम गच्चीवरच्या टाकीकडे वळला. नळ फिरवला. तो खरखरला आणि थांबला. पाणी सकाळी यायचं, आणि होतं तेवढं पोरांच्या आंघोळीला लागलं होतं.

नलू कठड्याजवळ होती. न्हाऊन तिचे केस मोकळे सोडले होते आणि हातात काठी होती. एक कावळा पातळाच्या टोकाशी उतरला. "बाबा, बघ, एकाला पण बसू दिलं नाही," ती म्हणाली आणि काठी फिरवत धावली. कावळा फडफडत उडाला. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने पांढरे तंतू वर उठले, उन्हात चमकले, आणि बाकीची पोरं हात वर करून, तोंडं उघडून ते झेलायला धावली.