सम्राटाची कवळी

आमचे हे दुष्ट आहेत. म्हणजे पडद्यावर. कार्टूनच्या सिनेमात आकाशगंगा गिळायला निघालेला सम्राट आहे ना, त्याचा आवाज आमच्या ह्यांचा. बिल्डिंगमधली पोरंही ह्यांना सम्राटच म्हणतात, आणि हे लाडात येऊन जिन्यातच गडगडाटी हसून दाखवतात. शेजारीण दार आपटते ते वेगळं.

मागच्या सिनेमात सम्राटाच्या ठिकऱ्या उडाल्या. नव्या सिनेमात त्याच ठिकऱ्या जोडून त्याचं यंत्र केलंय. झालं! दिग्दर्शिकेचा फोन आला, "काका, यंत्राचा आवाज जमतो का, एकदा चाचणी घेऊ. नाही जमलं तर आवाज कंप्युटरवर बनवू." ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "सम्राट गेला तर मग मी कोण गं?" असं चहा पिता पिता विचारलं. मला इतकं वाईट वाटलं, की मी उगाच साखरेवरून भांडले.

त्यात ह्यांची नवी कवळी सैल. बोलताना टकटक वाजायची. माझ्याशिवाय ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. सुनेला तर हे ऐटीत सांगायचे, माझे दात अजून शाबूत आहेत म्हणून. मी म्हटलं, डॉक्टरांकडून घट्ट करून घ्या. तर म्हणे, "तिथे कोणी ओळखीचं भेटलं म्हणजे?" घ्या! चाचणीच्या दिवशी हिरड्यांशी कापसाचे बोळे कोंबून निघाले. गरम पाण्याचा थर्मास घेऊन मी नेहमीसारखी मागे.

स्टुडिओत हे काचेपलीकडे माइकसमोर. मी अलीकडे, दिग्दर्शिका आणि रेकॉर्डिस्टच्या मागे.

"मला... तोडलंत... तुम्ही..."

अरे देवा! जबडा आवळून, जपून जपून बोलत होते. सम्राट कसला, त्यापेक्षा बँकेत नंबर पुकारणारं यंत्र बरं! दिग्दर्शिका गोड हसून म्हणाली, "छान काका, कळवते हं." कळवते म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. ह्यांनाही कळलं. हे हेडफोन काढायला लागले, आणि माझं डोकंच फिरलं. उठले, आणि पलीकडे बोलायचं बटण दाबलं.

"अहो, ते तोंडातले बोळे काढा आधी! कवळी वाजली तर वाजू दे!"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आकाशगंगा असते तर मला जागच्या जागी गिळलंच असतं. बोळे काढून खिशात कोंबले आणि सगळा राग माझ्यावर काढत गरजले, "मला तोडलंत तुम्ही! बघा, मी पुन्हा उभा आहे!" आणि शब्दाशब्दाला टक, टक, टक.

दिग्दर्शिका ताडकन उभीच राहिली. "काका! लोखंडी जबडा! कसा काढलात हा आवाज?"

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारणार. पण छे!

"कवळी आहे," हे म्हणाले. "सैल आहे." आणि चक्क बाहेर काढून काचेला लावून दाखवली.

काम मिळालं. सिनेमा पुरा होईपर्यंत कवळी घट्ट करायची नाही, अशी दिग्दर्शिकेची सक्त ताकीद आहे. त्यामुळे जेवताना टकटक, पेपर वाचताना टकटक, सुनेला हा किस्सा रंगवून सांगताना तर विचारूच नका. मी वैतागते, तोंडावर बोलूनही दाखवते. पण परवा दुपारी आतल्या खोलीतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. हातातलं भांडं तसंच ठेवून मीच ओरडले, "अहो सम्राट, आहात ना?"

आतून टकटक आली, आणि मी पुन्हा भांडी घासायला लागले.