काट्याखालचं निळं नाव

मी बाळांचा वजनकाटा. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाला खेटून माझी जागा आहे. रोज तीस-चाळीस बाळं माझ्या ताटात रडून जातात. त्यातल्या एकीची गोष्ट मला सांगायची आहे.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा माझा काटा शून्यावर नीट बसतो ना, हे तीनदा तपासलं. मग माझ्या तोंडावर, काट्याच्या बरोबर खाली, निळ्या ठसठशीत अक्षरांत एका औषधाचं नाव छापलं. मला वाटलं, हे माझंच नाव.

औषध कंपनीचा माणूस मला इथे घेऊन आला. "डॉक्टरसाहेब, छोटीशी भेट," तो म्हणाला. "या महिन्यात आपल्या औषधाच्या दोनशे बाटल्या गेल्या, की सहलीची तिकिटं पक्की. वहिनींचंसुद्धा."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हते हो. रडणाऱ्या पोराला खेळवता खेळवता तपासायचे. पण त्या दिवसापासून चिठ्ठीवर तेच निळं नाव उतरू लागलं.

आयांचं सगळं लक्ष काट्यावर. बाळ ठेवलं की श्वास रोखून उभ्या राहतात. काहीजणी ताटाच्या कडेवर हळूच बोट दाबतात, शंभर ग्रॅम जास्त दिसावं म्हणून. मी कुणाची चहाडी करत नाही.

अशीच एक आई आली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. अंगात ताप, डावा कान वाहतोय. वजन भरलं सात किलो. डॉक्टरांनी ते निळ्या नावाचं औषध लिहिलं. दिवसातून तीनदा चमचाभर, दहा दिवस.

पाचव्या दिवशी ती परत आली. ताप होताच. डॉक्टर आत हात धूत होते. मुलीला ताटात ठेवलं आणि माझ्या कडेवर एक थंडगार बोट आलं.

"बोट काढ गं," वजन करणाऱ्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

काटा साडेसहावर उतरला.

"औषध पूर्ण देतेस ना?"

"अर्धा-अर्धा चमचा देते. एकच बाटली घेता आली. म्हटलं, पुरवून पुरवून वापरू, पोटात जातंय हे काय कमी आहे? डॉक्टरांना सांगू नका सिस्टर, ते रागावतील."

डॉक्टर बाहेर येताच सिस्टरनी सांगितलंच. "साहेब, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं पाव किमतीत मिळतं. हिला ते लिहून द्या ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काट्याकडे नाही, त्याच्या खाली.

"सिस्टर, तुम्ही वजनाचं बघा, औषधाचं मी बघतो." मग आईला म्हणाले, "अहो, औषधात काटकसर करतात का? कपड्यांत करा."

आई ओशाळून हसली. चिठ्ठी तीच राहिली. मला आकड्यापलीकडे काही बोलता येत नाही. आकडा तर मी दाखवला होता.

चार दिवसांनी मुलीच्या कानामागे लिंबाएवढी सूज आली. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. इकडे डॉक्टर सहलीला गेले होते.

दोन महिन्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या. सात किलो दोनशे. आईनं बोट लावलं नव्हतं. सिस्टरनी मुलीच्या उजवीकडे खुळखुळा वाजवला. ती वळून हसली. मग डावीकडे वाजवला. ती माझ्या काट्याकडेच बघत राहिली. सिस्टरनी आणखी जोरात वाजवला.

"राहू द्या," आई म्हणाली. "घरी आम्ही रोज करून बघतो." मग तिनं विचारलं, "सिस्टर, मी पूर्ण चमचा द्यायला हवा होता ना?"

सिस्टरनी खुळखुळा खाली ठेवला आणि मुलीला उचलून आईच्या कडेवर दिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या तोंडावरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावली. आठवड्यानं कंपनीचा माणूस आला. त्यानं ती सोलली आणि उरलेला चिकटपणा कापसानं पुसून काढला.

आता माझ्या ताटाचा रंग उडालाय, पण काटा अजून शून्यावर बसतो. आयांनो, 'परवडत नाही' हे सांगायला लाजू नका. 'हेच औषध स्वस्तातलं मिळेल का?' एवढं तोंडानं विचारा. आणि बाळाला माझ्यावर ठेवाल तेव्हा आकडा वाचून थांबू नका. खालचं नाव वाचा. मग हातातली चिठ्ठी वाचा.