दोन मात्रा थांबायचं

"थांबा! दोन मात्रा थांबायचं!" मबांडला मास्तरांनी छडी टेबलावर आपटली. "मादलोमो, तुम्ही परत आधीच घुसलात."

"घुसले नाही, मास्तर. माझी जागा तीच आहे."

"कागदावर नाही ती."

"मग कागद चुकलाय."

धुलाईघरातल्या बाराजणी खुदकन हसल्या. मास्तर हसले नाहीत. उम्टाटाची गायनस्पर्धा चार दिवसांवर आली होती.

नोझुकोला सगळे माहेरच्या कुळावरून मादलोमो म्हणत. वय बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं एन्गकोबोच्या मिशन हॉस्पिटलात चादरी आणि कांबळी धुण्यात गेली होती. आणि हे गाणं तिचं होतं. होतं म्हणजे होतं. तिने स्वतः केलेलं. ओलं कांबळं पिळायला दोघी लागतात, एकीने उजवीकडे पिळायचं, दुसरीने डावीकडे. एकीचा पीळ संपायच्या आत दुसरीने जोर धरला नाही, तर कांबळं सैल पडतं आणि सगळी मेहनत पाण्यात. गाणंही तसंच. बाकीच्यांची ओळ संपत असतानाच पुढची ओळ नोझुकोने उचलायची, तिची अजून चालू असतानाच खालच्या आवाजांनी शिरायचं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

चार वर्षांपूर्वी झांत्सी नावाचे एक गृहस्थ हॉस्पिटलात पाहुणे आले. आपल्यातलेच, पण शहरात शिकलेले, मऊ हातांचे. तीन दुपारी धुलाईघरात खुर्ची टाकून बसले आणि गाणं स्वरांच्या अक्षरांत लिहून घेऊन गेले. पुढे पुस्तक छापून आलं. गाण्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'जुने लोकगीत. संकलक आर. झांत्सी.' आणि दर ओळीनंतर दोन मात्रांची स्वच्छ विश्रांती, चर्चमधल्या स्तोत्राला असते तशी. यंदा स्पर्धेतल्या आठही गायनमंडळांना तेच गाणं नेमलं होतं. परीक्षक कोण? झांत्सीच.

मास्तरांनी पहिल्यांदा ते वाचून दाखवलं तेव्हा नोझुको भडकली होती. "लोकगीत म्हणे! मी काय मेलेय का लोक व्हायला? आणि जुनं? मी केलं तेव्हा या मामपिंगाला सातवा महिना होता!"

मामपिंगा म्हणजे तिची पिळायची जोडीदारीण. मास्तरांनी छडी आपटली त्या दिवशी तालीम संपल्यावर तिने नोझुकोला हौदाशी गाठलं.

"मादलोमो, ऐक जरा. जिंकलो तर जोहान्सबर्गच्या जलशाला जायचं आहे. सरकारी पत्र मिळेल, पोलीस अडवणार नाहीत. एरवी परवान्याशिवाय आपल्या काळ्या बायांना कोण सोडतंय तिथे?"

"ठाऊक आहे मला."

"तीन ख्रिसमस झाले गं, माझा नवरा तिथल्या खाणीवरून घरी आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. खाणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहीन. आहे की नाही एवढं कळलं तरी बास. दोन मात्रांसाठी माझा रस्ता अडवू नकोस."

नोझुकोला संताप आला होता, पण तो हिच्यावर कसा काढणार? तिने हात पुसले. "बरं बाई. थांबते."

शनिवारी सकाळी उम्टाटाचं सभागृह गच्च भरलं. आधी सात मंडळं गायली. सातही वेळा तेच गाणं, सातही वेळा दर ओळीला ब्रेक लावल्यासारखं थांबलेलं. आपलं मूल सात घरांत इस्त्रीचे कपडे घालून मुकाट बसलेलं पाहावं, तसं नोझुकोला झालं. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

आठव्या नंबरला एन्गकोबो. पांढरे ब्लाऊज घालून बाया उभ्या राहिल्या. मास्तरांनी छडी उचलली. पहिली ओळ झाली. एक, दोन. नोझुको थांबली. दुसरी ओळ सुरू झाली, आणि ती अजून संपायचीच होती, तेवढ्यात शेजारून आवाज उठला.

मामपिंगा! नोझुकोची जागा मामपिंगाने घेतली होती. मान ताठ, नजर थेट समोर.

मग नोझुको कशाला थांबते! तिने पुढची ओळ अशी उचलली की मागच्या बाकावरचा माणूस दचकला. खालचे आवाज आत शिरले, वरचे त्यांच्यावर चढले. मास्तरांची छडी क्षणभर हवेत अडकली. मग त्यांनी ती खाली केली आणि हात पाठीशी बांधून नुसते उभे राहिले.

झांत्सींनी घंटी वाजवली. घंटी झाली की थांबायचं, हा नियम. बाया थांबल्या नाहीत. त्यांनी पुन्हा वाजवली. तोवर बाकांवरची आधी गाऊन बसलेली सगळी मंडळं उठून पायांनी ठेका धरत होती, घंटी ऐकतंय कोण? तिन्ही कडवी झाली तेव्हाच बाया गप्प झाल्या.

निकाल वाचला गेला. पहिलं बटरवर्थ. एन्गकोबो, गुण नाहीत.

झांत्सी खाली उतरून नोझुकोपाशी आले. "मादलोमो, कागदावर काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं. आणि मी काय गाते हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

त्यांनी चष्मा काढला. "असे एकमेकांत शिरलेले आवाज कागदावर बसत नाहीत हो."

"मग कागद मोठा घ्यायचा, साहेब. गाणं कशाला कापलंत? आणि पुन्हा छापाल तेव्हा लोकगीत लिहू नका. नोझुको लिहा. मला लिहिता येत नाही, तुम्हाला येतं ना?"



बाहेर लॉरीजवळ नोझुकोने मामपिंगाचा दंड धरला. "काय करून बसलीस हे? तुझं जोहान्सबर्ग..."

"माहीत नाही गं." मामपिंगा म्हणाली. "त्या दोन मात्रा थांबले आणि अंगातून आगच निघाली. तीन वर्षं दुसरं करतेय काय मी? आता गाण्यातसुद्धा थांबू?"

तेवढ्यात बटरवर्थच्या मंडळाची पुढे गाणारी बाई, नोंकोसी, काखेत चषक मारून धापा टाकत आली. "आई, तुम्ही कुठे शिरता ते पुन्हा दाखवा ना. आम्ही जोहान्सबर्गला तसंच म्हणणार."

"गुण जातील."

"तिथे कसले गुण? नुसता जलसा आहे."

नोझुकोने तिथेच धुळीत उभं राहून दाखवलं. नोंकोसी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर शिरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला.

मामपिंगा जवळ सरकली. "जलशाला खाणीतली माणसं येतात का गं?" तिने विचारलं.

"येतात तर! अर्ध्याहून जास्त तीच असतात."

"मग मोठ्याने म्हणा," मामपिंगा म्हणाली. लॉरीत चढून ती कडेच्या फळीवर जाऊन बसली आणि डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधू लागली.