कुलूप तोडून

भावाला जरा दम भरावा, एवढाच आमच्या ह्यांचा बेत होता. मामंजी गेले आणि त्यांची सलूनची जुनी खुर्ची, लोखंडी पायाची, पाठ मागे कलणारी, भावजींनी आमच्या दुकानातून स्वतःच्या दुकानात नेली. ह्यांचं म्हणणं, खुर्ची थोरल्याची. भावजींचं म्हणणं, बाबांनी ती मला दिली. झालं! हे तडक पोलीस चौकीत.

तिथला साहेब पेंगत होता. नुसतं 'भावाने खुर्ची नेली' म्हटलं तर कोण विचारतो, म्हणून ह्यांनी तिखटमीठ लावलं, "कुलूप तोडून नेली." साहेबाची पेंग उडाली. कुलूप धडधाकट होतं, आजही शटरला तेच लटकतंय. भावजींकडे चावी होती, तीही ह्यांनीच दिलेली.

संध्याकाळी भावजींना पकडून नेलं. तेव्हा कुठे ह्यांचे डोळे उघडले. सकाळी मी ह्यांना ओळखीच्या वकीलबाईंकडे घेऊन गेले.

"मला तक्रार मागे घ्यायचीय," हे म्हणाले.

"मागे? खुर्ची कुणाची, हे भांडण दिवाणी. तिथे दावा तुमचा, वाटलं तर मिटवा. तुम्ही फौजदारीचं दार ठोठावलंत. कुलूप तोडून चोरी म्हणजे खटला आता सरकारचा. तुम्ही नुसते साक्षीदार."

"अहो, पण भाऊ माझा आहे!"

"हे तक्रार देताना आठवायचं होतं."

"हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं. मला राहवत नाही.

भावजींना वकील परवडणारा नव्हता, तो सरकारने दिला. पकडणारं सरकार, सोडवायला वकील देणारंही सरकार! मला गंमत वाटली. पण गुन्हा शाबित झाला तर तुरुंग होता, आणि त्यात गमतीचं काही नव्हतं.

खटला उभा राहिला. भावजींना घरात सगळे 'रेडिओ' म्हणतात. एकदा लागले की बंद करायला हेच लागतात, "अरे, गप्प बस जरा!" कोर्टात मात्र न्यायाधीशांनी त्यांना समजावलं, तुमच्यावर बोलायची सक्ती नाही आणि गप्प राहिलात म्हणून कुणी तुम्हाला दोषी धरणार नाही. आमच्या घरात गप्प बसलेला तोच चोर ठरतो. भावजी खरोखर गप्प बसले.

बोलायची पाळी ह्यांची. शपथ झाली. भावजींच्या वकिलाने एकच विचारलं, "कुलूप तोडलं होतं?"

हो म्हणावं तर भाऊ आत, नाही म्हणावं तर स्वतःच्या गळ्यात फास. ह्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजी खाली बघत होते.

"नाही," हे म्हणाले. "चावी होती त्याच्याकडे. मीच दिली होती."

भावजी सुटले. ह्यांच्यावर खोट्या तक्रारीची चौकशी लागली. बाहेर व्हरांड्यात हवालदार ह्यांच्यासमोर उभा राहिला. "काय हो, कुलूप तोडल्याचं खोटं का सांगितलंत?"

हे लगेच सांगायला लागले. "त्याचं काय झालं साहेब, मी..."

भावजी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी ह्यांचा दंड धरला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"दादा, गप्प बस. वकील येईपर्यंत एक शब्द बोलू नकोस," भावजी म्हणाले. "आता तो हक्क तुझा."